विवाह छायाचित्रणातील भिंगनिवड (नागपूर)

लग्नसमारंभाची छायाचित्रे घेताना उपलब्ध जागा, प्रकाश आणि विधींचा क्रम पाहून कॅमेऱ्याची भिंगे ठरविण्याची रीत. नागपुरात या व्यवसायातले लोक ‘भिंग’ म्हणत नाहीत, ‘लेन्स’ म्हणतात आणि ती तिच्या आकड्यावरून ओळखतात : ‘फिफ्टी’, ‘एटी-फाइव्ह’, ‘सेव्हन्टी-टू हंड्रेड’. हा आकडा केंद्रांतराचा, मिलिमीटरमध्ये; तो वाढला की चौकटीत कमी दृश्य मावते. दुसरा आकडा एफ-अंकाचा. तो जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त. पुढील सर्व हिशेब ३६ × २४ मिमी. संवेदकाला (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टिकेला), म्हणजे ‘फुल फ्रेम’ला धरून आहेत. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात केंद्रांतराला निकॉनसाठी दीडने, तर कॅननसाठी १.६ने गुणावे लागते. त्यामुळे अशा कॅमेऱ्यावर ‘फिफ्टी’ जवळजवळ ‘एटी-फाइव्ह’चे काम करते.

व्यक्तिचित्रासाठी वेगळे भिंग असावे ही कल्पना जुनी आहे. व्हिएन्नात गणितज्ञ योझेफ पेट्झव्हाल याने १८४० मध्ये एफ/३.६चे भिंग आखले व फोइग्टलेंडर याने ते घडविले. तत्पूर्वीची भिंगे एफ/१५च्या आसपासची होती. म्हणजे प्रकाश एकदम सुमारे सतरापट वाढला आणि माणसाला मिनिटेच्या मिनिटे ताटकळत बसवण्याची गरज संपली. आकडेमोडीसाठी पेट्झव्हालला तोफखान्याचे सैनिक दिले होते असे सांगतात. त्यांच्या संख्येबद्दलचे उल्लेख मात्र जुळत नाहीत. छायाचित्रणासाठीचे पहिले आटोपशीर झूम (केंद्रांतर बदलता येणारे) भिंग, ३६-८२ मिमी.चे ‘झूमार’, १९५९चे.

‘फिफ्टी’ला प्रमाण भिंग का मानतात, यावर मतभेद आहेत. माणसाची नजर जेवढे पाहते तेवढेच ५० मिमी. दाखवते, हे मत सर्रास ऐकू येते. ते फारसे टिकत नाही : डोळ्यांचा आवाका याहून कितीतरी मोठा, तर लक्ष देऊन पाहण्याचा टापू कितीतरी लहान. दुसरे मत चौकटीच्या कर्णाचे. ३६ × २४ मिमी. चौकटीचा कर्ण सुमारे ४३.३ मिमी. येतो आणि कर्णाएवढे केंद्रांतर ‘स्वाभाविक’ मानण्याचा प्रघात मोठ्या कॅमेऱ्यांच्या काळापासूनचा. मग ४३ न घेता ५० का? ओस्कार बार्नाक याच्या लायका कॅमेऱ्याच्या आद्य नमुन्यावर ४२ मिमी.चे भिंग होते. १९२५ मध्ये विक्रीला आलेल्या लायकावर माक्स बेरेकने आखलेले ५० मिमी.चे. सिनेमाच्या १८ × २४ मिमी. चौकटीच्या दुप्पट झालेली नवी चौकट कोपऱ्यापर्यंत नीट झाकायची तर केंद्रांतर थोडे वाढविणे सोयीचे होते, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. थोडक्यात, ५० हा आकडा कारखान्याच्या सोयीतून आलेला दिसतो. नव्या छायाचित्रकाराला तो शास्त्रवचनासारखा सांगितला जातो, एवढाच प्रश्न आहे.

प्रत्यक्षात भिंग ठरते ते उभे राहायला किती जागा मिळते त्यावरून. चौकटीत मावणारी रुंदी काढण्याचा हिशेब सोपा : अंतराला ३६ने गुणावे व केंद्रांतराने भागावे. चार मीटरवरून २४ मिमी.त ६ मीटर मावतात, ३५ मिमी.त ४.१, ५० मिमी.त २.९ आणि ८५ मिमी.त जेमतेम १.७. मंगल कार्यालयाच्या स्टेजसमोर चार मीटर मोकळे मिळाले तर नशीब. मागे पाहुण्यांच्या खुर्च्या, बाजूला व्हिडिओवाला आणि मोबाइल उंचावलेले मामा-मावशी. आहेराच्या वेळी दहा-बारा जणांचा गोतावळा वधूवरांभोवती जमला की बहुतेक जण २४-७०चे झूम २४वर आणतात. त्याची किंमत कडेच्या माणसांना मोजावी लागते. २४ मिमी.त आडव्या चौकटीच्या अगदी टोकाचा चेहरा मूळच्या सुमारे सव्वापट रुंद उमटतो, ३५ मिमी.त ही वाढ १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणून दोन पावले मागे जाता येत असेल तर ३५च बरे, आणि काकूंना टोकाला उभे करूच नये.

अंतरपाटाचा क्षण वेगळा. मंगलाष्टके संपताच पाट ओढला जातो आणि दोन्ही चेहरे एकाच चौकटीत हवे असतात. त्यासाठी पाटाच्या रेषेत, त्याच्या कडेला उभे राहावे लागते आणि तिथे अंतर दीड-दोन मीटरच असते. इथे २४ ते ३५ मिमी. लागते, ८५ घेऊन उभा राहिलेला फक्त एक चेहरा घेऊन परततो. अक्षतांचा वर्षाव सुरू झाला की स्वयंचलित फोकस मधल्या तांदळाच्या दाण्यांवर जातो. अनुभवी लोक फोकस आधीच धरून ठेवतात.

मोठ्या छिद्राचे भिंग विकत किंवा भाड्याने आणण्यामागे पुष्कळदा मागची गर्दी धूसर करण्याचा हेतू असतो. दोन मीटरवर ८५ मिमी., एफ/१.४ला स्पष्टतेचा पट्टा (पुढून मागे जेवढे स्पष्ट दिसते तो भाग) सुमारे साडेचार सेंटिमीटरच राहतो. वधूच्या डोळ्यांवर फोकस धरला तर नथ पट्ट्याच्या काठावर येते आणि कानांतले झुबे विरघळतात. एफ/२.८ला पट्टा दुप्पट होतो. वधूवर पुढेमागे उभे असतील तर तेही अपुरे. एफ/४च्या पुढे जावे लागते.

खरी गरज प्रकाशाची. एफ/१.४चे भिंग एफ/२.८च्या चौपट प्रकाश घेते. नागपूर मुंबईच्या सुमारे सव्वासहा रेखांश पूर्वेला असल्याने तिथे सूर्य साधारण २५ मिनिटे आधी मावळतो. हिवाळ्यातला गोरज मुहूर्त दिव्यांतच पार पडतो. त्यात इथली बरीच लग्ने लॉनवर लागतात. कार्यालयात फ्लॅशचा झोत पांढऱ्या छतावर मारून मऊ करता येतो. लॉनवर वर आभाळ, किंवा रंगीत कापडाचा मांडव, जो आपला रंग चेहऱ्यांवर सांडतो. स्वागत समारंभात खुर्च्यांच्या मागून, दहा मीटरवरून, २०० मिमी.त १.८ मीटर रुंदी मावते; जोडप्याला तेवढी पुरते. स्टेजवरच्या एलईडी दिव्यांमुळे चित्रात आडवे पट्टे येतात, तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवतात.

बौद्ध विवाहात वधूवर बहुधा पांढऱ्या वस्त्रांत असतात. त्रिशरण-पंचशील म्हणताना बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमा जोडप्यासह चौकटीत याव्यात अशी अपेक्षा असते, म्हणून रुंद दृश्य घेणारे, कमी केंद्रांतराचे भिंग. पांढरेपणामुळे कॅमेऱ्यात चित्र काळवंडते; प्रकाशमान साधारण एक पायरी, म्हणजे दुप्पट, वाढवावे लागते. साक्षगंध (साखरपुडा) व हळद घरगुती असतात. तिथे ३५ मिमी. पुरते.

चातुर्मासात हिंदू लग्नांचे मुहूर्त नसतात, आणि नेमका तोच काळ पावसाचा. भिंगे आषाढी एकादशीपासून कातडी पेटीत पडून राहतात आणि दमट हवेने त्यांत बुरशी धरते. तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे समोरून दिसत नाहीत. विजेरी मागून धरली की दिसतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून तापवून सुकवाव्या लागतात. बुरशी जुनी असेल तर काचेवरील लेप कोरला जातो. साफ केल्यावरही दिव्यांच्या समोर काढलेली चित्रे धुरकट येतात.