खरकट्यातून पसरलेला ताप : आफ्रिकन स्वाइन फिव्हरची पार्श्वभूमी

डुकरांना होणाऱ्या दोन विषाणूजन्य तापांच्या नावांत साम्य असल्याने त्यांची नेहमी गल्लत होते. क्लासिकल स्वाइन फिव्हरवर परिणामकारक लस फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू मात्र सर्वस्वी वेगळ्या कुळातला आहे, आणि त्याच्या नियंत्रणाचा इतिहास औषधांपेक्षा कत्तलीचा आणि शिस्तीचाच अधिक आहे. माणसाला हा रोग होत नाही.

केनियात गोऱ्या वसाहतवाल्यांची पाळीव डुकरे अचानक मरू लागली, तेव्हा माँटगोमेरी या पशुवैद्यकाने या रोगाचे वर्णन १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. तेथील वॉर्टहॉग हे रानडुक्कर आणि त्याच्या बिळातली मऊ कवचाची गोचीड यांच्यात हा विषाणू फारसा उपद्रव न करता पिढ्यानपिढ्या फिरत होता. पाळीव डुकरांना मात्र तो काही दिवसांत मारी.

आफ्रिकेबाहेर तो प्रथम १९५७ मध्ये लिस्बनजवळ दिसला, कारण विमानांतून उतरलेले खरकटे तिथल्या डुकरांना घातले जात होते. ती साथ आटोक्यात आली, पण १९६० मध्ये रोग परतला आणि स्पेनमध्येही शिरला. पोर्तुगालमध्ये सौम्य केलेल्या जिवंत विषाणूची लस टोचून पाहिली गेली, तेव्हा अनेक डुकरांना जुनाट स्वरूपाचा आजार जडला. लसीच्या बाबतीत पुढे दिसलेल्या सावधपणाचे एक मूळ या अनुभवात आहे. स्पेनने १९८५ पासून निराळी वाट धरली. पशुवैद्यकांची फिरती पथके गोठोगोठी जाऊन रक्ताचे नमुने घेत, बाधित कळप नष्ट करत, आणि ज्यांच्या भिंतींच्या भेगांत गोचिडी लपत असे जुने गोठे पाडून नवे बांधले जात. १९९५ मध्ये तो देश रोगमुक्त ठरला. हे काम कंटाळवाणे होते, म्हणूनच बहुधा त्याची आठवण कमी निघते.

दरम्यान हैतीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस रोग पोहोचल्यावर तिथली काटक देशी डुकरे सरसकट मारली गेली आणि गरीब कुटुंबांची जणू बचत पेढीच बुडाली.

२००७ मध्ये विषाणू जॉर्जिया या देशात अवतरला. पोती नावाच्या बंदरातील जहाजांवरचे टाकाऊ अन्न हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. तेथून रशिया, २०१४ मध्ये लिथुएनिया व पोलंड, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमधील शेनयांग असा त्याचा प्रवास झाला. खारवलेल्या मांसात तो महिनोन्‌महिने तग धरत असल्याने सीमेवरची तपासणी अपुरी पडते.

भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात त्याची पहिली नोंद झाली, आणि भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने निदानावर शिक्कामोर्तब केले. पुढे मिझोरामला त्याने वारंवार गाठले, तर २०२२ मध्ये केरळातील वायनाडमध्ये डुकरे मारावी लागली. बाधित गोठ्याभोवतीच्या एक किलोमीटरच्या क्षेत्रातील डुकरे नष्ट करणे आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवणे, ही इथली पद्धत आहे. व्हिएतनामने २०२२ मध्ये एका जिवंत लसीला परवाना दिला खरा, परंतु बहुतेक देश अजून हात राखूनच आहेत.