इग्निशन स्विच आणि बॉडी अर्थ

चावीने फिरणारा आणि वाहनातला वीजपुरवठा टप्प्याटप्प्याने जोडणारा स्विच म्हणजे इग्निशन स्विच. त्यातून गेलेला करंट दिवे, कॉइल, हॉर्न यांतून काम करून चासी, बॉडी आणि इंजिनाच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत येतो. या परतीच्या वाटेला बॉडी अर्थ म्हणतात. शेतातल्या मोटरपंपाच्या अर्थिंगसारखा तिचा जमिनीशी काही संबंध नसतो, गाडी तर रबरी टायरांवर उभी असते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजात काय किंवा ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर काय, गाडी ‘सेल्फ घेत नाही’ म्हटले की पहिला संशय चावीवर जातो आणि स्विच बदलला जातो. दोष पुष्कळदा अर्थमध्येच राहतो.

चारचाकीच्या स्विचला साधारणतः बंद, अ‍ॅक्सेसरी, ऑन आणि स्टार्ट या अवस्था असतात. बॅटरीकडून येणाऱ्या टर्मिनलवर चावी काढल्यावरही करंट असतो. जर्मन प्रमाणात या टर्मिनलला ३०, ऑनमध्ये चालू होणाऱ्याला १५, स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे (स्टार्टरचा जड करंट जोडणारी विद्युतचुंबकी कळ) जाणाऱ्याला ५० आणि अर्थला ३१ असे क्रमांक आहेत. वायरच्या रंगावर मात्र विसंबू नये. ते कंपनीगणिक बदलतात, आणि जुन्या गाडीत कोणी कोणती वायर कुठे जोडली असेल सांगता येत नाही. स्टार्टला चावी नेताच रेडिओ आणि ब्लोअर बंद होतात तो बिघाड नव्हे, बॅटरीचा जोर स्टार्टरसाठी राखण्याची ती सोय आहे. इग्निशनचा पुरवठा तेव्हाही चालू राहावा लागतो. चावी धरून ठेवली तोवर इंजिन चालते आणि सोडताच बंद पडते, असे होत असेल तर स्विचचा ऑनचा संपर्क झिजलेला असण्याची शक्यता मोठी. तिथे चावीवरचा संशय रास्त ठरतो.

स्टार्टर मोटर शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढते. तो करंट स्विचमधून कधीच जात नाही. स्विच फक्त सोलेनॉइडला चालना देतो. कॅडिलॅकने १९१२ मध्ये सेल्फ स्टार्टर आणला, पण पुढे कित्येक वर्षे त्याचे बटण किंवा पायाची कळ वेगळीच असे. १९४९ मध्ये क्रायस्लरने इग्निशन आणि स्टार्टर ही दोन्ही कामे एका चावीवर आणली. स्विच यांत्रिकदृष्ट्या सैल असला तर काय होते हे २०१४ मध्ये जनरल मोटर्सने परत मागवलेल्या गाड्यांनी दाखवले: चालत्या गाडीत चावी आपोआप अ‍ॅक्सेसरीवर सरके, इंजिन बंद पडे आणि एअरबॅगही उघडत नसत. चावीला जड जुडगा लटकवू नये, हा सल्ला म्हणूनच योग्य आहे.

जास्तीच्या दिव्यांचा भार स्विचवर टाकणे हा आपल्याकडचा नेहमीचा उद्योग. १०० वॅटचे दोन हॅलोजन बल्ब १२ व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर घेतात. मध्ये रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारी विजेची कळ) असेल तर स्विचला पाव अँपिअरहून कमी करंट सोसावा लागतो. नसेल तर आतले प्लास्टिक वितळते.

मॅग्नेटो-सीडीआय पद्धतीच्या, म्हणजे इंजिनावरच्या मॅग्नेटोच्या विजेतून ठिणगी पाडणाऱ्या, अनेक जुन्या दुचाकींत रीत उलटी आहे. चावी बंद केली की किल वायर (ठिणगी बंद करणारी वायर) अर्थला टेकते आणि ठिणगी थांबते. म्हणून हँडलजवळ ही वायर तुटली तर गाडी चावीने बंदच होत नाही, आणि घासून बॉडीला लागली तर सुरू होत नाही. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरला तर बंद करायला डिझेल तोडणारी दांडी ओढावी लागते.

आता अर्थकडे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्याने त्याला बॉडीशी किंवा बॅटरीशी जोडणारी जाड पट्टी लागते. ती तुटली तर स्टार्टरचा करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून धुरते. पट्टी शाबूत असूनही तिच्या बोल्टखाली गंज बसून ओहमचा फक्त शंभरावा भाग रोध आला, तर १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. साधा मीटर ओहमवर लावला तर हा रोध दाखवत नाही, टेस्ट लॅम्पही लख्ख पेटतो. त्यामुळे तपासणी भाराखालीच करावी: मीटर व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर, आणि सेल्फ मारताना वाचन घ्यावे. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर स्विच खोलण्याआधी बोल्ट खोलावेत.

इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मिचकावतो, हे अर्थ गेल्याचे ठळक लक्षण. २१/५ वॅटच्या, म्हणजे दोन फिलामेंटच्या बल्बमधला करंट सरळ परत जाऊ न शकल्याने शेजारच्या फिलामेंटमधून वाट शोधतो. गाळप हंगामात रस्त्यावर दिसणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांच्या मागच्या दिव्यांची दैना पुष्कळदा इथेच सुरू होते. अर्थची वेगळी वायर न टाकता ती हुकाच्या पिनेवर सोडलेली असते. पिनेला ग्रीस, माती आणि हिसके, दिवे कसे टिकणार? सात पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थसाठी एक पिन राखलेली असते, ती वापरली की प्रश्न मिटतो. ट्रॉलीला वेल्डिंग करायचे तर ती ट्रॅक्टरपासून सोडावी. चासीलाच वेल्डिंग करायचे तर बॅटरीचे निगेटिव्ह काढावे आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प सांध्याजवळच लावावा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात.

डेंटिंग-पेंटिंगनंतर अर्थच्या जागेवर रंग बसतो. तिथे पॉलिश पेपरने धातू उघडा करून थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही.

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारख्या पुरात बुडालेल्या गाडीची चावी फिरवून बघण्याचा मोह टाळावा. ओल्या जोडांतून करंट वाहिला की तांब्याचा हिरवा क्षार झपाट्याने चढतो. आधी निगेटिव्ह काढून, कनेक्टर उघडून गाळ धुवावा आणि पूर्ण वाळल्यावर प्रत्येक अर्थ बोल्ट खोलून पाहावा.