स्पीड 40 चा, तरी आवाज का तुटतो?

ऐरोलीच्या आमच्या घरी आई रोज रात्री पोळ्या लाटता लाटता ताईशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलते. मध्यंतरी ताई सारखी म्हणायची, "आई, तुझा आवाज तुटतोय." आईला मात्र तिचं अगदी स्वच्छ ऐकू यायचं. मी तिच्या मोबाइल डेटावर स्पीड टेस्ट लावली, तर डाउनलोड 40 एमबीपीएस. मग घोडं अडलं कुठे?

बोलायला एवढा स्पीड लागतच नाही. अ‍ॅप आवाजाचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे करून सेकंदाला 50 पॅकेट धाडतं. 2012 साली प्रमाणित झालेल्या 'ऑपस' पद्धतीने दाबलेला आवाज 24 केबीपीएसमध्येही सुरेख येतो. प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्याचं ओझं धरलं तरी 40 केबीपीएस. हजार केबीपीएसचा एक एमबीपीएस, म्हणजे हा आमच्या स्पीडचा हजारावा हिस्सा!

लागते ती एकसारखी चाल. मोबाइल डेटावर पॅकेट कधी रेंगाळतात, कधी चार एकदम येऊन थडकतात. याला जिटर म्हणतात. त्यावर अ‍ॅपचा उपाय सोसायटीच्या टाकीसारखा आहे: पालिकेचं पाणी कसंही येवो, नळाची धार सारखी. थोडा आवाज साठवून मगच ऐकवायचा. पण टाकी मोठी केली की उशीर वाढतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. तो फार वाढला की दोघं एकदम बोलतात आणि एकदमच थांबतात. फार उशिरा आलेलं पॅकेट फेकूनच द्यावं लागतं.

आमच्याकडे तक्रार एकाच बाजूची होती आणि हीच खूण सगळ्यात मोलाची. येणारा आवाज ठीक, जाणारा तुटका, म्हणजे दुखणं अपलोडचं. टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतो. 4जी फोनची झेप सहसा फार तर 0.2 वॅट. त्यात आमचं स्वयंपाकघर आतल्या अंगाला, मध्ये काँक्रीटच्या दोन भिंती. आणि त्याच वेळी आईच्या फोनवर फोटोंचा बॅकअप चालू! बिचारा आवाज फोटोंच्या मागे रांगेत उभा.

"पण साधा कॉल तिथूनच नीट लागतो की!" लागणारच. व्होल्टीचा, म्हणजे 4जीवरून जाणारा साधा कॉलही पॅकेटमधूनच जातो, पण नेटवर्क त्याला वेगळी, अग्रक्रमाची वाट देतं. अ‍ॅपचा कॉल सहसा रील्स आणि डाउनलोडच्या गर्दीतूनच वाट काढतो.

महापेच्या ऑफिसांत सॉफ्टफोन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसचे कॉल करणारं अ‍ॅप, वापरणाऱ्यांचं दुखणं कधी कधी निराळं असतं: फोन लागतो, पण सुरुवातीपासून एका बाजूला शांतता. मोबाइल नेटवर्कवर अनेक फोन इंटरनेटवरच्या एकाच सार्वजनिक पत्त्याआड असतात आणि परतीचा आवाज कोणत्या फोनला द्यायचा हे मधल्या यंत्रणेला कळत नाही. काही वेळ काहीच आलं-गेलं नाही, तर कोणता कॉल कोणत्या फोनचा ही तिथली नोंदही पुसली जाते आणि येणारा कॉल वाजतच नाही. अशा वेळी अ‍ॅपमधला 'कीप-अलाइव्ह'चा, म्हणजे नोंद जागी ठेवायला मधूनमधून धाडायच्या छोट्या पॅकेटचा, अवधी कमी करून पाहावा.

आमच्याकडे बॅकअप फक्त वायफायवर ठेवला आणि आईला खुर्ची दिली गॅलरीत. पोळ्या आता बोलणं झाल्यावर. परवा पलीकडून ताईच म्हणाली, "आई, कुकरच्या तीन झाल्या, गॅस बंद कर."