बँकेच्या पेमेंट यंत्रणेचे क्लाउडवर स्थलांतर (नागपूरच्या संदर्भात)

यूपीआय, आयएमपीएस, एनईएफटी, आरटीजीएस आणि एटीएम-कार्ड यांचे व्यवहार हाताळणारी संगणकयंत्रणा बँकेच्या स्वतःच्या सर्व्हर रूममधून काढून क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये नेण्याची प्रक्रिया. बँकेतले लोक तिला नुसते ‘मायग्रेशन’ म्हणतात. ई-मेल किंवा हजेरीपट हलवताना तासभर काम थांबले तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पेमेंट हलवताना मात्र त्याच मिनिटाला कोणाचे तरी पैसे वाटेत असतात, आणि या कामाची सगळी अवघड बाजू त्यातून येते.

पूर्वी बँकेला रात्र मोकळी मिळत असे. डे एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, झाला की सर्व्हर बंद करा, दुरुस्ती करा, सकाळी शाखा उघडण्याआधी पुन्हा सुरू करा. आयएमपीएस २०१० मध्ये चोवीस तास सुरू झाले, १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही वर्षभर, दिवसरात्र चालू राहिले. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. हा भार सपाट नसतो. पगाराच्या तारखांना आणि दिवाळीच्या आठवड्यात तो एकदम चढतो आणि नंतर उतरतो. स्वतःचे सर्व्हर घेणाऱ्या बँकेला त्या चार दिवसांसाठी वर्षभराची खरेदी करावी लागते. क्लाउडवर क्षमता वाढवता आणि कमी करता येते, हा त्याचा खरा फायदा. खर्च हमखास कमी होतो हे मात्र गृहीत धरू नये. यंत्रे दिवसरात्र पूर्ण क्षमतेने चालू ठेवली आणि डेटा सतत बाहेर नेला, तर बिल वाढतच जाते.

नागपुरात मुख्यालय असलेल्या सहकारी बँकांना या प्रश्नाची स्थानिक बाजूही आहे. मुख्य कार्यालयाच्या एखाद्या मजल्यावरील सर्व्हर रूमला नवतप्यात पंचेचाळीस अंशांच्या वर गेलेल्या पाऱ्याशी झुंजावे लागते. एसी बंद पडला की यूपीएस आणि जनरेटर असूनही सर्व्हर तापून बंद पडतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी धरमपेठ, सीताबर्डी परिसरात शिरले. तळघरात वीजयंत्रणा ठेवणे किती धोक्याचे आहे, हे त्या रात्रीने शहराला दाखवले. भूकंपाच्या दृष्टीने मात्र नागपूर कमी धोक्याच्या दुसऱ्या विभागात येते, तर मुंबई आणि पुणे दोन्ही तिसऱ्या विभागात. मूळ केंद्र आणि पर्यायी केंद्र, म्हणजे डीसी आणि डीआर, एकाच आपत्तीच्या टप्प्यात नसावेत, म्हणून जागा निवडताना हे पाहावेच लागते.

मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे मुंबईत (अ‍ॅमेझॉन २०१६, गूगल २०१७), पुण्यात (मायक्रोसॉफ्ट २०१५) आणि हैदराबादेत (अ‍ॅमेझॉन २०२२) आहेत. नागपूरहून हैदराबाद सुमारे पाचशे किलोमीटर, मुंबई समृद्धी महामार्गाने सातशेवर. प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबईला जाऊन यायला किमान सात मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षात वळसे आणि मधली उपकरणे धरून वेळ त्याहून जास्त जातो. एका फेरीला हे नगण्य आहे. पण पेमेंट स्विच, म्हणजे प्रत्येक व्यवहार योग्य जागी वळवणारी यंत्रणा, मुंबईच्या क्लाउडवर आणि खातेवही, म्हणजे कोअर बँकिंग (सीबीएस), नागपुरातच राहिले, तर एका व्यवहारात खाते तपासणे, शिल्लक पाहणे, रक्कम वजा करणे, नोंद करणे अशा अनेक फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला हा वेळ वाढत जातो. दरम्यान नियमही कडक झाले आहेत. १६ जून २०२५ पासून यूपीआयमध्ये पैसे वळते करण्याच्या प्रतिसादाची मुदत ३० सेकंदांवरून १५ वर, तर व्यवहाराची स्थिती तपासण्याची ३० वरून १० वर आली. म्हणून स्विच आणि सीबीएस एकमेकांपासून तोडू नयेत. तोडावेच लागले तर त्यांच्यामधल्या फेऱ्या आधी कमी कराव्यात. सर्व्हर आहे तसा उचलून क्लाउडवर ठेवण्याची सोपी वाट इथे फसते, कारण फेऱ्यांचे गणित जुन्या प्रोग्रॅममध्येच बसलेले असते.

कार्डांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. एटीएमवर टाकलेला पिन एचएसएम नावाच्या, छेडछाड होताच स्वतःतील गुपिते पुसून टाकणाऱ्या पेटीतच तपासला जातो. त्या पेटीची मूळ किल्ली, म्हणजे गुप्त आकड्यांची मालिका, एका माणसाकडे कधीच नसते. तिचे दोन किंवा तीन भाग करून ते वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे, सीलबंद पाकिटांत, वेगवेगळ्या लॉकरमध्ये ठेवतात. यंत्रणा हलवताना हे अधिकारी एकामागून एक येऊन आपापला भाग टाइप करतात, दुसऱ्याने पाहू नये म्हणून बाकीचे मागे उभे राहतात, साक्षीदार वहीत वेळ लिहून सही करतो. पुढे व्यवहार मंजूर होतो की ‘इनव्हॅलिड पिन’ येतो, ते या अर्ध्या तासावर ठरते. काही बँका क्लाउड कंपनीची एचएसएम सेवा घेतात, काही आपली पेटी भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये ठेवून क्लाउडला जोडतात. किल्लीच्या भागांवर बँकेचाच ताबा राहतो म्हणून लहान बँकेसाठी दुसरा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो, पण पेटीची देखभाल मग तिच्याच गळ्यात पडते.

मायग्रेशनची खरी कसोटी अर्धवट राहिलेल्या व्यवहारांवर लागते. समजा, सीताबर्डीतल्या दुकानात ग्राहकाने ३४० रुपयांचा क्यूआर स्कॅन केला. बँकेच्या सीबीएसने खात्यातून रक्कम वजा केली, आणि त्याच क्षणी वाहतूक जुन्या स्विचवरून नव्याकडे वळवल्यामुळे ‘झाले’ हे उत्तर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेपर्यंत पोहोचलेच नाही. ग्राहकाला पैसे गेल्याचा एसएमएस आला, दुकानदाराचा साउंडबॉक्स गप्प. या व्यवहाराचा बारा आकडी आरआरएन, म्हणजे संदर्भ क्रमांक, आता तीन ठिकाणी शोधावा लागतो: एनपीसीआयच्या फाइलमध्ये, स्विचच्या नोंदीत आणि सीबीएसमध्ये. तिन्हींचा मेळ बसवण्याच्या कामाला ‘रेकॉन’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी दुकानदाराकडे न पोहोचलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत गेली पाहिजे. पुढे उशीर झाला तर दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते, तीही ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता.

म्हणून जाणकार मंडळी जुना स्विच एकदम बंद करत नाहीत. त्याच्याकडे नवे व्यवहार येणे थांबवतात, हातातले व्यवहार संपू देतात, सेटलमेंटची, म्हणजे बँकांमधल्या देण्याघेण्याच्या हिशेबाची, फेरी पूर्ण झाल्यावरच पुढचे पाऊल टाकतात. एकच विनंती दोनदा आली तरी रक्कम एकदाच वजा होईल, याची चाचणी आधीच घेतलेली असावी लागते. जुन्या नोंदी वाचता येतील अशा अवस्थेत जपाव्या लागतात, कारण वादाचे अर्ज कित्येक महिन्यांनी येतात. एक तारखेच्या आसपास स्थलांतराची तारीख धरणे हा शुद्ध अविचार आहे.

चाचणीत कसर राहिली की काय होते, याचे उदाहरण ब्रिटनच्या टीएसबी बँकेचे. एप्रिल २०१८ मध्ये तिने सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एकाच आठवडाअखेरीस नव्या यंत्रणेवर नेली. ती यंत्रणा दोन डेटा सेंटरांवर चालणार होती, पण भाराची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली होती. लाखो ग्राहकांना आपले खाते उघडता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला.

भारतात या कामावर रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. ६ एप्रिल २०१८ च्या आदेशाने पेमेंटचा सगळा डेटा भारतातच ठेवणे बंधनकारक झाले. १० एप्रिल २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगविषयक निर्देशांत क्लाउडसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. काम बाहेर दिले तरी ग्राहकापुढची जबाबदारी बँकेचीच, बँकेला आणि रिझर्व्ह बँकेला तपासणीचा हक्क, आणि सेवा सोडून बाहेर पडण्याची योजना आधीच तयार, हे त्यातले मुख्य मुद्दे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. मध्यरात्री घडलेली घटना सकाळी अधिकारी आल्यावर कळवू, असे म्हणून चालत नाही.

एवढे असूनही भारतीय बँका सावकाशच गेल्या आहेत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाने जगभर संगणक बंद पडले. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सांगितले की बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नाहीत, आणि केवळ १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. पण क्लाउडवर नसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला, सहकारी व ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाल्याच्या शक्यतेमुळे एनपीसीआयने तिची जोडणी तात्पुरती तोडली. तिच्यावर अवलंबून असलेल्या बँकांच्या ग्राहकांची पेमेंट तेवढ्या काळात अडली. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. अनेक लहान बँका एकाच खांद्यावर उभ्या असतात, हा धोका त्यातून उघड दिसला.

नागपूर-विदर्भातल्या लहान बँकेपुढे म्हणूनच दोन प्रश्न येतात: कोणाच्या क्लाउडवर जायचे, आणि तिथून परत कसे यायचे. रिझर्व्ह बँकेने वित्तक्षेत्रासाठी स्वतःची क्लाउड सेवा उभारण्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. तिची सुरुवात आयएफटीएएस ही रिझर्व्ह बँकेची उपकंपनी करणार असल्याचेही तेव्हा सांगण्यात आले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर करारात लिहून घ्यावे लागते: डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, किती दिवसांत, कंपनीकडच्या प्रती पुसल्याचा दाखला कोण देईल. महत्त्वाच्या यंत्रणांसाठी दर सहा महिन्यांनी डीआर ड्रिल, म्हणजे पर्यायी केंद्रावर काम चालवून पाहण्याची तालीम, घेणे रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना बंधनकारक केलेच आहे. लहान बँकेनेही अशा ड्रिलमध्ये पर्यायी केंद्रावर नुसता लॉगिन करून पाहण्याऐवजी पूर्ण दिवसभराचे खरे व्यवहार चालवले आणि संध्याकाळी त्यांचा रेकॉन जुळला, तरच ती यंत्रणा तयार आहे असे मानता येते.