आधी प्लॉट, मग हद्द, शेवटी पाणी : सोलापूरच्या निवासी वाढीची पार्श्वभूमी

सोलापुरात ‘हद्दवाढ’, म्हणजे भोवतालची गावे महापालिकेच्या हद्दीत घेणे, हा शब्द केव्हाच सरकारी कागदातून बाहेर पडून पत्त्यात जाऊन बसला आहे. ‘हद्दवाढीत राहतो’ एवढे कोणी सांगितले, की नळाला पाणी कितव्या दिवशी येते आणि पावसाळ्यात रिक्षा कोणत्या कोपऱ्यापर्यंत येते, हे ऐकणाऱ्याला न विचारताच कळते. शहराच्या निवासी वाढीला वेसण कशी घालावी, या आजच्या चर्चेचे मूळ या शब्दाच्या इतिहासातच सापडते.

हद्दवाढीआधीचे सोलापूर दाटीचे होते, आणि त्या दाटीला कारण होते. १८७० च्या दशकात सुरू झालेली ‘जुनी मिल’, तिच्यामागून आलेल्या इतर गिरण्या आणि तेलंगणातून येऊन स्थिरावलेला विणकर समाज यांनी शहराला कामाच्या भोवती बांधून ठेवले. पूर्व भागात तर माग घरातच होता. पुढच्या खोलीत खटखट, मागच्या खोलीत चूल आणि माळ्यावर सूत, अशा घराला निवासी म्हणायचे की औद्योगिक, हे नगररचनेच्या नकाशावरील रंगांना कधीच नीट ठरवता आले नाही. माणूस कामापासून लांब राहायला जात नव्हता, म्हणून शहरही लांब पसरत नव्हते.

महानगरपालिका १९६४ मध्ये स्थापन झाली आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. या कायद्याखालील विकास आराखडा कोणत्या जागेवर काय व्हावे हे सांगतो. ते केव्हा व्हावे, आधी कोणता भाग भरावा आणि नंतर कोणता, याबाबत तो व्यवहारात फारसे बोलत नाही. माझ्या मते वाढीच्या वेगाच्या प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे. त्यातच १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यामुळे शहरातील मोकळ्या जमिनी अडकून पडल्या (महाराष्ट्राने तो २००७ मध्ये रद्द केला) आणि स्वस्त जागेच्या शोधातील गिऱ्हाईक हद्दीबाहेरच्या शेतांकडे वळले.

तिथे १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा होता. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकता येत नव्हते, म्हणून सात-बाऱ्यावर एकाच उताऱ्यात अनेकांची सामाईक नावे लागू लागली किंवा व्यवहार नुसत्या मुद्रांक कागदावर, नोटरीच्या सहीने उरकला जाऊ लागला. चुन्याच्या रेघा, चार कोपऱ्यांना पुरलेले दगड आणि बाभळीला टांगलेली पाटी, एवढ्यावर वसाहत उभी राहिली. रस्ता किती फुटी ठेवायचा, हे विकणाऱ्याच्या मनावर होते. अशा वसाहती नियमित करण्यासाठी राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी कायदा केला. त्या तारखेपर्यंतच्या वसाहतीच नियमित होतील अशी १ जानेवारी २००१ ही त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. मुदत एकदा पुढे सरकते म्हटल्यावर पुढच्या खरेदीदाराने धीर का धरावा?

मोठा बदल झाला तो १९९२ मध्ये. भोवतालची गावे सामावून घेतल्याने सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर १७८.५७ चौरस किलोमीटरचे झाले. बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव ही गावे एका आदेशाने शहर झाली. त्यांच्या शेतवाटा मात्र शेतवाटाच राहिल्या. १९९१ ची सुमारे ६ लाखांची लोकसंख्या २००१ मध्ये ८,७२,४७८ झालेली दिसते, परंतु त्या वाढीत सामील झालेल्या गावांचा वाटा आहे, हे विसरून तो आकडा वापरला जातो. पुढच्या दशकात, मोठ्या गिरण्या बंद पडल्यानंतर, लोकसंख्या ९,५१,५५८ वर गेली, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम ९ टक्के वाढ झाली. याच काळात विजापूर रस्ता, जुळे सोलापूर आणि होटगी रस्त्याच्या बाजूला नवे प्लॉट पडतच होते. माणसे सावकाश वाढली आणि जमीन झपाट्याने तुटली. सोलापुरात ‘वाढ रोखा’ म्हणताना यांतले नेमके काय रोखायचे, हे आधी ठरवावे लागते.

पाण्याने या पसरण्याला लगाम घातला असता, पण तसे घडले नाही. एकोणिसाव्या शतकातील हिप्परगा तलाव, भीमेवरील टाकळीची योजना आणि शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या उजनी धरणातून आणलेली जलवाहिनी अशी साधने वाढत गेली, तरी वाटप दिवसाआडच्याही पलीकडे गेले. लोकांनी त्यावर आपापला उपाय शोधला : जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी आणि नळाला मोटर. पाणी साठवण्याचा खर्च घर बांधणाऱ्याने स्वतः उचलल्यामुळे पाणीटंचाईने बांधकाम थांबले नाही, फक्त महाग झाले.

आता वाढीने हद्दच ओलांडली आहे. कुंभारीत आधी विडी कामगारांच्या दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, आणि त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे रे नगर आखले गेले. त्यातील पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आल्या. घरटी चार माणसे धरली तरी पूर्ण झालेले रे नगर सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे होईल, आणि २००१ ते २०११ या दशकात तर साऱ्या शहरात मिळून सुमारे ७९ हजार माणसे वाढली होती. ही वस्ती महापालिकेच्या हद्दीबाहेर, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. तिच्यातील अनेकांचे काम मात्र अजूनही शहराच्या पूर्व भागातच आहे.