अनिश्चित मृत्युकारण, वृद्धवयातील

मृत्यूची नोंद झालेली आहे, परंतु तो कोणत्या रोगाने वा इजेने ओढवला हे त्या नोंदीवरून ठरवता येत नाही, अशा साधारणतः ६० वा ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या मृत्यूंचा सांख्यिकीय गट. ‘कारण अज्ञात’ हा उघड शेरा, ‘वृद्धापकाळ’, ‘अशक्तपणा’, ‘अचानक मृत्यू’, तसेच मागचा रोग न सांगता लिहिलेले नुसते ‘ताप’ किंवा ‘धाप’ असे लक्षण, हे सर्व या गटात येते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्यासाठी आर-०० ते आर-९९ हे संकेतांक आहेत. वृद्धांच्या बाबतीत त्यांतील दोनच संकेतांकांना खरे वजन आहे : आर-५४ (वार्धक्य) आणि आर-९९ (इतर अनिश्चित व अज्ञात कारणे). या गटाचा मृत्युदर काळानुसार चढला वा उतरला, तर तो बदल आरोग्यातला असण्यापेक्षा प्रमाणपत्र लिहिण्याच्या रीतीतला असण्याचा संभव अधिक असतो. त्यामुळे दोन कालखंडांची तुलना हाच या विषयातील अवघड भाग होय.

उगम : ‘म्हातारपणाने मेला’ हे कारण यादीत केव्हापासून आले, याविषयी एकवाक्यता नाही. लंडनच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांत ‘वृद्ध’ असा रकाना सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात होता. जॉन ग्राँट यांनी १६६२ मध्ये या पत्रकांची छाननी केली, तेव्हा २० वर्षांतील २,२९,२५० मृत्यूंपैकी १५,७५७, म्हणजे जवळपास ७ टक्के, या रकान्यात आढळले. ही नोंद बहुधा अशिक्षित वृद्ध स्त्रिया घरोघरी जाऊन करीत. किती वयाच्या माणसाला ‘वृद्ध’ म्हणायचे याचा दंडक नव्हता आणि ग्राँट यांनाही तो प्रश्न पडलेला दिसतो. काही अभ्यासक अनिश्चित गटाची सुरुवात येथूनच मानतात. इतरांच्या मते रकाना असणे वेगळे आणि ‘कारण ठरले नाही’ असा वर्ग मुद्दाम राखणे वेगळे. त्यांच्या दृष्टीने खरा आरंभ १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे मांडलेल्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांच्या यादीत आहे. विल्यम फार यांनी इंग्लंडच्या नागरी नोंदणीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केलेली वर्गवारी या दोहोंच्या मधली पायरी ठरते. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण बर्तियों-परंपरेच्या याद्यांत ‘वार्धक्य’ आणि ‘अनिश्चित कारणे’ हे दोन स्वतंत्र वर्ग होते.

हा तपशील केवळ इतिहासापुरता नाही. बर्तियों यांच्या यादीतूनच पुढे झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १९३८ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत हे वर्ग वेगळे राहिले. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत ‘लक्षणे, वार्धक्य व अनिश्चित स्थिती’ असा एकच विभाग झाला (संकेतांक ७८० ते ७९५, त्यांत ७९४ वार्धक्य). नवव्या आवृत्तीत विभाग ७८० ते ७९९ असा वाढला आणि वार्धक्याला ७९७, अचानक मृत्यूला ७९८ व उरलेल्या अज्ञाताला ७९९ मिळाला. १९४८ च्या अलीकडची व पलीकडची आकडेमाला जोडताना जुने दोन्ही वर्ग एकत्र केले नाहीत, तर त्या वर्षी अनिश्चित मृत्यू एकाएकी वाढल्याचे दिसते. पुष्कळ आलेखांतील ही उडी केवळ बेरजेची असते.

अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तिच्या मसुद्यात ‘वृद्धापकाळ’ हे शीर्षक होते. वय म्हणजे आजार असा अर्थ निघतो म्हणून त्यावर आक्षेप आले आणि ते बदलून ‘वाढत्या वयाशी निगडित आंतरिक क्षमतेचा ऱ्हास’ असे करण्यात आले. संकेतांक एमजी-२ए.

प्रमाणपत्रातून संकेतांकापर्यंत : भारतात जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी नमुना ४अ वापरतात. पहिल्या भागात तीन ओळी असतात : (अ) तात्काळ कारण, (आ) त्याच्या आधीचे, (इ) मूळ कारण. प्रत्येकापुढे ते सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा कालावधी लिहायचा असतो. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे, पण त्या साखळीत न बसणारे आजार येतात. आकडेवारीत एकच कारण जाते, ते मूळ कारण.

८२ वर्षांच्या स्त्रीचे प्रमाणपत्र घ्या. (अ) पुढे ‘हृदयक्रिया बंद’ आणि (आ) पुढे ‘वृद्धापकाळ’ लिहून बाकी जागा कोरी सोडली, तर हृदयक्रिया बंद पडणे ही प्रत्येक मृत्यूची शेवटची घटना असल्याने त्यातून काही कळत नाही आणि नोंद आर-५४ मध्ये जाऊ शकते. त्याच स्त्रीबद्दल (अ) न्यूमोनिया, ४ दिवस. (आ) मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग, ६ आठवडे. (इ) न्हाणीघरात घसरून पडणे, ६ आठवडे असे लिहिले, तर तोच मृत्यू ‘पडणे’ या बाह्य कारणाखाली मोजला जातो. वृद्धांच्या पडण्याच्या मृत्यूंत झालेल्या ‘वाढी’चा काही भाग असा अनिश्चित गटातूनच आलेला असतो.

संकेतांक लावताना वार्धक्याला दुय्यम मानण्याचा नियम आहे (दहाव्या आवृत्तीच्या आधीच्या मांडणीत ‘नियम अ’). निवडलेले कारण अनिश्चित असेल आणि प्रमाणपत्रावर अन्यत्र निश्चित रोग असेल, तर अनिश्चित नोंद नव्हतीच असे समजून पुन्हा निवड करायची. म्हणून पहिल्या भागात ‘वृद्धापकाळ’ व दुसऱ्या भागात ‘मधुमेह’ असल्यास मृत्यू मधुमेहाकडे जातो. आर-५४ हाती उरतो तो बहुतांशी एकाकी नोंदीतून. आर-९९ ची गोष्ट निराळी. शवविच्छेदनानंतर व्हिसेरा (अंतर्गत अवयवांचे नमुने) तपासणीला जातो, मृत्यूचे कारण ‘राखून ठेवले’ असा शेरा पडतो आणि अहवाल आल्यावर नोंद दुरुस्त करायची असते. ती दुरुस्ती निबंधकापर्यंत पोहोचली नाही, तर शेरा कायम राहतो. म्हणून सर्वांत ताज्या वर्षाचा आर-९९ नेहमी फुगलेला असतो; मालिकेचा शेवटचा बिंदू तात्पुरता समजावा किंवा गाळावा. आर-५४ हा वैद्यकीय मताचा अवशेष आहे आणि आर-९९ हा बऱ्याचदा कार्यालयीन दिरंगाईचा, तेव्हा दोहोंची बेरीज करून कल सांगणे टाळलेले बरे.

तुलनेची रीत : प्रथम दर आणि वाटा यांत गल्लत नको. इतर रोगांचे मृत्यू घटले की अनिश्चित गटाचा दर स्थिर असूनही त्याचा वाटा वाढतो. दुसरे म्हणजे वयोरचना. समजा (आकडे काल्पनिक आहेत), पहिल्या कालखंडात ६०–६९, ७०–७९ व ८० च्या पुढे या गटांत एक लाखामागे अनिश्चित मृत्यू अनुक्रमे १००, ३०० व १,२०० आहेत आणि ज्येष्ठांची लोकसंख्या ६०, ३० व १० टक्के अशी विभागलेली आहे. ढोबळ दर येतो २७०. दुसऱ्या कालखंडात दर ८०, २७० व १,१५० झाले, म्हणजे प्रत्येक गटात घटले. पण लोकसंख्या ५०, ३३ व १७ टक्के अशी वयस्क झाली. ढोबळ दर ३२४.६, म्हणजे पाचव्या हिश्शाने वाढलेला! पहिल्या कालखंडाचीच वयोरचना दोन्हीकडे लावली, तर दुसरा दर २४४ येतो आणि घट दिसते. वय-प्रमाणित दराशिवाय केलेली तुलना अशी उलटी पडते. ८० च्या पुढचा गट उघडा न ठेवता ८०–८४, ८५–८९ व ९० च्या पुढे असा फोडावा, कारण अनिश्चित कारणांचा दर या टोकालाच सर्वाधिक वेगाने चढतो.

वर्गीकरणाची आवृत्ती बदलते तेथे तुल्यता गुणोत्तर वापरतात : एकाच वर्षाचे मृत्यू जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींनी संकेतांकित करून नव्या संख्येला जुनीने भागायचे. अमेरिकेने १९९९ मध्ये दहावी आवृत्ती स्वीकारताना १९९६ च्या मृत्यूंवर हे केले. अल्झायमरसाठी गुणोत्तर १.५५३६ आले, तर इन्फ्ल्यूएंझा-न्यूमोनियासाठी ०.६९८२. वृद्धांच्या दोन नेहमीच्या कारणांत एवढा फरक केवळ नियमांमुळे पडला. आवृत्ती तीच राहूनही नियमाचा अर्थ बदलू शकतो. इंग्लंड व वेल्समध्ये १९८४ ते १९९२ या काळात न्यूमोनियाचे मृत्यू एकदम खाली गेलेले दिसतात, ते अशा बदललेल्या अर्थामुळे.

अनिश्चित मृत्यू इतर कारणांत वाटून देण्याची पद्धत १९९० च्या दशकातील जागतिक रोगभार अभ्यासांनी रूढ केली. त्याच वयोगट-लिंगातील निश्चित कारणांच्या प्रमाणात ते वाटणे हा साधा प्रकार. घरी झालेल्या मृत्यूंची कारणे रुग्णालयातील मृत्यूंसारखीच असतात, हे त्यात गृहीत असते आणि वृद्धांबाबत ते फारसे टिकत नाही. शिवाय एकदा वाटप केले की अनिश्चित गटाचाच अभ्यास संपतो. म्हणून वाटपापूर्वीचा व नंतरचा असे दोन्ही तक्ते द्यावेत. ब्राझीलमध्ये २००० नंतर अनिश्चित मृत्यूंची घरोघर चौकशी वाढली आणि त्यांचा वाटा बराच उतरला. साहजिकच तेथील ईशान्येकडील राज्यांत त्याच काळात दिसणारी काही रोगांची वाढ जपून वाचावी लागते.

जपान : उलट्या दिशेचा कल येथे दिसतो. तेथील प्रमाणपत्राच्या सूचनांनुसार ‘रोसुई’ (जराक्षय) हे कारण अन्य कोणतेही कारण नसलेल्या नैसर्गिक मृत्यूलाच लिहायचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर निदान सुधारत गेले तसा त्याचा दर दशकानुदशके उतरला, आणि एकविसाव्या शतकात पुन्हा चढला. २०१८ मध्ये जराक्षयाने मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांना मागे टाकून तिसरे स्थान घेतले (सुमारे ८ टक्के मृत्यू). २०२३ मध्ये वाटा सुमारे १२ टक्के होता. अतिवृद्धांची संख्या वाढली हे एक स्पष्टीकरण. वृद्धाश्रमात वा घरी, फारशा तपासण्या न करता येऊ दिलेला मृत्यू डॉक्टर व कुटुंब दोघेही आता स्वीकारतात, हे दुसरे; त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. जपानी मालिकेत १९९५ चा सांधाही आहे : अंतिम अवस्था म्हणून ‘हृदय निकामी’ लिहू नये अशी सूचना नव्या प्रमाणपत्रावर आली आणि हृदयविकाराचे मृत्यू कागदावर घटले. इंग्लंडमध्ये ‘वृद्धापकाळ’ हे एकमेव कारण म्हणून साधारणतः ८० वर्षांवरील व्यक्तीसच चालते आणि डॉक्टरांनी तिचा हळूहळू होणारा ऱ्हास स्वतः पाहिलेला असावा लागतो.

भारत : ब्रिटिश काळातील तक्त्यांत पटकी, देवी, प्लेग, ‘ताप’, अतिसार, श्वसनविकार, इजा आणि ‘इतर सर्व कारणे’ असे रकाने होते. वृद्धांचे मृत्यू ‘ताप’ व ‘इतर’ यांत विरघळलेले असल्याने त्या काळाशी तुलना करणे निरर्थक आहे. स्वातंत्र्यानंतर ग्रामीण भागासाठी चालवलेल्या मृत्युकारण सर्वेक्षणात ‘वार्धक्य’ हा फार मोठा गट असे. नमुना नोंदणी पद्धतीत (निवडक वस्त्यांतील जन्म-मृत्यूंची सततची पाहणी) २००१ पासून मौखिक शवचिकित्सा आली. सर्वेक्षक मृताच्या घरी जाऊन ठरलेले प्रश्न विचारतो, कुटुंबीयांच्या भाषेत हकिगत लिहितो, दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता संकेतांक लावतात आणि मतभेद राहिला तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निकाल देतो. ही पद्धत ७० वर्षांखाली चांगली चालते. त्यापुढे एकाच माणसाला चार आजार असतात, घरच्यांनाही ‘वय झालं होतं’ यापलीकडे सांगता येत नाही आणि अनिश्चित वाटा वाढतो. तेव्हा जुन्या सर्वेक्षणातील वार्धक्य व नव्यातील अनिश्चित कारणे एका रेषेत जोडू नयेत.

वैद्यकीय प्रमाणपत्रांवरील वार्षिक अहवालांची अडचण वेगळी आहे. २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्केच प्रमाणित होते. गोव्यात जवळपास सर्व मृत्यू प्रमाणित होतात, अनेक मोठ्या राज्यांत फार थोडे. त्यामुळे या अहवालांतून दर काढता येत नाही, केवळ वाटा. आणि नवी रुग्णालये प्रमाणनाच्या योजनेत आली की तोही हलतो. ७० च्या पुढचा गट अखंड दिलेला असल्याने सत्तरी व नव्वदी वेगळी करता येत नाही. २०११ च्या जनगणनेनंतरच्या वर्षांसाठी छेदही (ज्या लोकसंख्येने भागायचे ती) प्रक्षेपित लोकसंख्येचाच घ्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या नोंदणी अधिनियमाच्या दुरुस्तीने सर्व वैद्यकीय संस्थांना कारणाचे प्रमाणपत्र देणे बंधनकारक केले आहे. त्या तारखेला मालिकेत खूण करून ठेवावी.

घरी झालेल्या मृत्यूची महाराष्ट्रातील खेड्यात नोंद ग्रामपंचायतीत होते. नमुना २ मधील आजाराच्या नावाच्या जागी ‘वृद्धापकाळ’ लिहिले जाते ते नातेवाइकांच्या सांगण्यावरून. वयही तसेच : ७०, ७५, ८० या आकड्यांवर नोंदींचा ढीग पडतो आणि ७९ चा माणूस ८० च्या गटात जातो. अशा जागी पाच वर्षांचे गट ७५–७९ ऐवजी ७३–७७ असे, गोल आकडा मधोमध ठेवून पाडल्यास विकृती कमी होते. मात्र लोकसंख्येचा छेदही त्याच गटांत मिळायला हवा.