कुळागरातला पंप नुसता घुमतो, तेव्हा

मार्च उजाडला की गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या कुळागरांत, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागांत, पाण्याची चिंता सुरू होते. झरीचं पाणी पाटाने पोफळींच्या मुळाशी नेण्याची जुनी सोय सावई-वेऱ्याकडे, प्रियोळकडे अजून आहे. पण झरी आटत आली की विहिरीवरच्या पंपाचाच आधार. आणि नेमक्या त्याच दिवसांत तक्रार ऐकू येते: पंप सुरू होत नाही, नुसता घुमतो. मग मोटरला सुरुवातीचा रेटा देणारा कपॅसिटर बदलतात, वाइंडिंग म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी नवी करून आणतात, तरी दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुष्कळदा दोष पंपात नसतोच. तो घरापासून विहिरीपर्यंत ओढलेल्या वायरीत असतो, आणि तो शोधायला शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो.

समजा, पंप चालू असताना घरातल्या मीटरपाशी २२८ व्होल्ट मिळतात आणि विहिरीवर, पंपाच्या तोंडाशी २०४. करंट ७ अँपिअर. म्हणजे वाटेत २४ व्होल्ट गळाले. या २४ ला ७ ने भागा, वायरीचा रोध, म्हणजे ती करंटला करते तो अडथळा, मिळतो: साधारण ३.४ ओहम. २४ ला ७ ने गुणा, वायरीत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती मिळते: १६८ वॉट. बिल या वॉटचंही येतं, पाणी मात्र त्यातून एक थेंबही चढत नाही.

आता हा रोध कुठून आला ते पडताळून पाहू. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरीला दर मीटर लांबीला सुमारे ०.०१७ ओहम रोध असतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ०.०११५. विहीर १५० मीटरवर असेल तर वायर धरायची ३०० मीटर, कारण करंट जातो तसा परतही येतो. परतीची वायर हिशेबातून सुटते ती इथेच. ३०० गुणिले ०.०११५ म्हणजे सुमारे ३.४. मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा असे जुळले की सांध्यांत फारसा दोष नाही, वायरच बारीक आहे, असं खात्रीने म्हणता येतं. मोजलेला रोध बराच जास्त निघाला तर मात्र एखादा सांधा गंजलेला असणार; आपल्या दमट, खाऱ्या हवेत हे नवल नाही. हीच वायर ४ चौरस मिलिमीटरची असती तर रोध १.३ ओहम, गळती ९ व्होल्ट आणि नुकसान ६३ वॉट.

पण मग पंप घुमतो का? मोटर सुरू होताना चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट मागते. बारीक वायर तेवढा जाऊच देत नाही. २५ अँपिअर गेले तरी ढोबळमानाने ८५ व्होल्ट वाटेत संपतात आणि मोटरला १४३ च्या आसपास उरतात. मोटरची सुरुवातीची ओढ व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे ती जेमतेम ४० टक्क्यांवर येते. पाण्याचा भार घेऊन फिरायला एवढं बळ पुरत नाही.

कमी व्होल्टेजचा परिणाम सगळ्या उपकरणांवर सारखा होत नाही, आणि मला या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. गीझर घ्या. त्यावर २३० व्होल्ट, २००० वॉट लिहिलेलं असतं. वॉटना व्होल्टने भागलं की करंट ८.७ अँपिअर, व्होल्टना करंटने भागलं की रोध २६.४ ओहम. व्होल्टेज २०० वर आलं तर करंट ७.६ आणि शक्ती सुमारे १५१० वॉट. व्होल्टेज १३ टक्क्यांनी उतरलं, पण शक्ती २४ टक्क्यांनी. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ५० वर न्यायला १२ मिनिटांऐवजी १६ लागतील, एवढंच. गीझर बिघडत नाही. चालू मोटर मात्र उलट वागते. पाणी उचलायचं काम तेवढंच असतं, म्हणून व्होल्टेज उतरलं की ती करंट जास्त ओढते. करंट २० टक्क्यांनी वाढला तर वाइंडिंगमधली उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते, कारण उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. मोटरी जळतात त्या अशा.

मोटरच्या बाबतीत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे खरे वॉट नव्हेत, हेही लक्षात ठेवावं. तिच्यात करंट व्होल्टेजच्या किंचित मागून येतो, म्हणून त्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. तो ०.८ असेल तर २०४ व्होल्ट आणि ७ अँपिअरचे १४२८ नव्हे, ११४० वॉट. गीझर, इस्त्री, शेगडी यांना ही भानगड नाही.

व्होल्टेज आणि करंटचं हे साधं नातं जर्मनीत गेओर्ग ओहम या शाळामास्तराने शोधलं आणि १८२७ मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. त्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज सारखं बदलायचं, म्हणून त्याने दोन धातूंचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर व्होल्टेज मिळवलं. देशात आधी उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्याला कोपली पदक दिलं.

ही मोजमापं परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावीत. वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरच्या जबड्यात एकच वायर घ्यायची. दोन्ही घेतल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्य दिसतो. आणि ओल्या हातांनी, अनवाणी पायांनी पंपाच्या पेटीला हात लावू नये. भिजलेल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० ला हजाराने भागा: ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. माणसाचा जीव वाचवण्यासाठी बसवायचा गळती-स्विच ३० मिलिअँपिअरवरच वीज तोडतो. पंपाच्या लाइनवर तो आहे का, हे पावसाआधी पाहून घ्या, आणि त्यावरचं चाचणीचं बटण दर महिन्याला दाबून तो पडतो याची खात्री करा.